शेवटच्या घराची चिठ्ठी

आमच्या गल्लीत तेव्हा नळाला मोटार नसलेली घरं दोनच होती. एक आमचं, आणि दुसरं आमच्या पलीकडचं, गल्लीतलं शेवटचं, अक्कांचं. अक्कांकडे मोटार नव्हती, कारण विजेच्या वायरीला हात लावायची त्यांना भीती वाटायची. आमच्याकडे नव्हती, कारण मी कॉलेजात नीतिशास्त्र शिकवतो. हे दुसरं कारण माझ्या बायकोला कधीच पटलं नाही.

धुळ्यात ज्यांनी उन्हाळे काढलेत त्यांना मोटारीचं प्रकरण समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, पाण्याचा दिवस असतो. त्या दिवशी कुणी गावाला जात नाही, कुणी पाहुण्यांना बोलावत नाही, आणि पाहुणा आलाच तर त्याच्याही हातात बादली देतात. पाइप गल्लीच्या तोंडाशी शेठजींच्या घराजवळ आत शिरतो आणि अक्कांच्या दारात संपतो. पाण्याला त्याच्या चालीनं येऊ दिलं तर ते सावकाश का होईना, शेवटपर्यंत पोचतं. पण नळाला मोटार जोडली की ती पाइपातलं पाणी आपल्याकडे ओढून घेते. मग शेजाऱ्याची धार बारीक होते, म्हणून तो त्याची मोटार आणतो, आणि ती पहिलीपेक्षा मोठी असते. असं होत होत पाण्याच्या दिवशी सगळी गल्ली पिठाच्या गिरणीसारखी घरघरायची आणि अक्कांच्या नळातून नुसता वारा यायचा. मोटार लावायला बंदी आहे. तपासणीला माणसं आली की मोटारी पोत्याखाली जायच्या, माणसं गेली की पुन्हा बाहेर यायच्या.

मी मुळात तापट. पहूरच्या शाळेत होतो तेव्हापासून वाद घालायची खोड आहे. जळगावला एम. ए. करताना ती वाढली आणि नोकरी लागल्यावर तिचा पगार मिळायला लागला. वर्गात मी मुलांना सांगतो, एखादी गोष्ट करण्याआधी स्वतःला विचारा, की हीच गोष्ट सगळ्यांनी केली तर चालेल का? मोटारीचं उदाहरण मी दरवर्षी देतो. मोटार लावणाऱ्याला सगळ्यांनी मोटार लावलेली नको असते, त्याला ती एकट्यालाच लावायची असते. सगळ्यांनी लावली की त्याच्या मोटारीचा काही उपयोगच उरत नाही. म्हणजे त्याला नियम हवाय बाकीच्यांसाठी आणि सूट हवीय स्वतःसाठी. अनीती ओळखायची याहून सोपी खूण मला तरी माहीत नाही. मुलं माना डोलावतात, उत्तरपत्रिकेत लिहितात, आणि त्यांच्याही घरी मोटार असते.

माझी बायको शाळेत विज्ञान शिकवते. तिचं माहेर फैजपूरचं, केळीच्या बागांमधलं. तिच्या वडिलांच्या बागेत एका केळीच्या खोडाला जेवढं पाणी मिळतं तेवढं आपल्याला धुळ्यात आंघोळीला मिळत नाही, असं ती लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यापासून म्हणत आली आहे. आमचं घर गल्लीत शेवटून दुसरं. आमच्या नळाला करंगळीएवढी धार यायची, तीही थोडाच वेळ. ती धार कळशीत धरायची, कळशी पिंपात ओतायची, आणि वर न्यायचं असेल तर जिन्यावरून न्यायचं. मी नेतो म्हणायचो, पण पाण्याची वेळ आणि माझं पहिलं लेक्चर एकाच वेळी असायचं, त्यामुळे माझी नीती बहुतेक तिच्याच कमरेवरून वर जायची.

एकदा चैत्रात ती जिन्याच्या मधल्या पायरीवर कळशी टेकवून उभी राहिली.

"अहो, ते तुमचं 'सगळ्यांनी केलं तर' मला पुन्हा सांगू नका. सगळ्यांनी केलेलंच आहे. तुम्ही एकटेच अजून 'तर'वर बसलाय."

मी म्हटलं, इतर चुकतात म्हणून आपण चुकायचं का?

"चुकू नका. पण मला एवढं सांगा, आपण जे पाणी ओढत नाही ते जातं कुठं? अक्कांकडे जातं का?"

मी कळशी घ्यायला हात पुढे केला, तिनं दिली नाही.

"नानांच्या टाकीत जातं. परवा नाना गच्ची धूत होते. तुमच्या तत्त्वानं नानांची गच्ची स्वच्छ झाली, बाकी काही झालं नाही."

नाना म्हणजे आमच्या अलीकडचे शेजारी, एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. मला बायकोचा राग आला, खरं बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा. एरवी मला उत्तर सुचायला वेळ लागत नाही. त्या दिवशी कॉलेजला जाईपर्यंत सुचलं नाही, आणि येतानाही सुचलं नाही. माझे हात स्वच्छ होते हे खरं. पण माझ्या स्वच्छ हातांमुळे शेवटच्या घरात एक तांब्याही जास्त पोचत नव्हता, हेही खरं.

आता अक्कांविषयी. अक्का पारोळ्याकडच्या एका खेड्यातल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. लेक लग्न होऊन सुरतेला गेली, आमच्याकडच्या निम्म्या लेकी जातात तशी. अक्का गल्लीत आणि गल्लीबाहेर मांडे करून देतात. मांडे म्हणजे खापरावरची पुरणपोळी. उलट्या ठेवलेल्या मातीच्या भल्यामोठ्या खापराखाली जाळ करायचा, हातावर पोळी वाढवत वाढवत कोपरापर्यंत आणायची आणि खापरावर टाकायची. अक्कांची पोळी हातावरून उतरताना पाहिली की मला दर वेळी वाटतं, आता फाटेल. अजून एकदाही फाटलेली नाही. या कामाला पाणी लागतं. कणीक भिजवायला, डाळ शिजवायला, आणि सगळ्यात जास्त, नंतर भांडी घासायला. नळाला वारा येणार म्हणून अक्का दोन गल्ल्या ओलांडून मारुतीच्या देवळाजवळच्या हातपंपावर जायच्या. आमच्याकडून कळशी घ्या म्हटलं तर एक घ्यायच्या, दुसरी घ्यायच्या नाहीत. म्हणायच्या, तुमच्याकडेच कुठंय.

आणि आखाजी. बाहेरच्यांना ती अक्षय तृतीया, आम्हा खान्देशातल्यांना आखाजी. आमच्याकडे दिवाळीपेक्षा तिचं अप्रूप. लग्न झालेल्या लेकी आखाजीला माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आमरस आणि मांडे खातात. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात. घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, सांजोरी ठेवायची, नमस्कार करायचा. अक्कांची लेक दर आखाजीला सुरतेहून येते. अंगणातल्या कडुनिंबाला झोका बांधते आणि तिच्या पोरांना बाजूला सारून आधी स्वतः बसते. एरवी ती तिकडे कुणाची तरी सून आणि कुणाची तरी आई असते. आमच्या गल्लीत ते दोन दिवस ती नुसती पोर असते, आणि हे मला पाहायला फार आवडतं.

जिन्यावरच्या त्या भांडणानंतर थोड्याच दिवसांनी अक्का आमच्याकडे आल्या. पदराखाली धरून खापर आणलं होतं. ते बायकोच्या पुढ्यात ठेवलं.

"हाई तुले ऱ्हाऊ दे, बाई. आखाजी झायी की मी सुरतले जास."

बायकोनं विचारलं, किती दिवसांसाठी?

"कायमनी," अक्का म्हणाल्या. गुडघे आता हातपंपापर्यंत नेत नाहीत, लेक बोलावते आहे, तिकडे नळाला चोवीस तास पाणी असतं. तिकडे फ्लॅटमध्ये गॅस आहे, खापराला जाळ करायला जागा नाही, तेव्हा हे इथंच राहू दे. सगळं त्यांनी दुसऱ्याच कुणाची हकिकत सांगावी तसं सांगितलं. जाताना मात्र उंबऱ्याशी थांबून एकदा खापराकडे पाहिलं.

त्या गेल्यावर बायको रडली. मला रडू आलं नाही, संताप आला. एका बाईला पाणी नाही म्हणून गाव सोडावं लागतं, आणि पाणी तर गल्लीत येतंय! पाइपात आहे, टाक्यांमध्ये आहे, नानांच्या गच्चीवर आहे. बायको डोळे पुसत म्हणाली, "मग बसा तुम्ही नीतीवर." तेव्हा मी चप्पल घातली आणि घरोघर निघालो.

घरोघर एकच उत्तर मिळालं. आधी त्यांनी काढावी, मग आम्ही काढतो. नाना तर मोकळेपणानं म्हणाले, "सर, मी आधी काढली तर लोक येडा म्हणतील आणि शेवटी काढली तर शहाणा म्हणतील. मला शहाणा होऊ द्या ना." मला या माणसावर रागावताही येत नाही, ही माझी मोठी अडचण आहे. पण त्यांच्या बोलण्यातून एक गोष्ट मला कळली. मोटार कुणालाच आवडत नव्हती. तिचा आवाज, तिचं बिल, तपासणीची धास्ती, कुणालाच काही नको होतं. प्रत्येकाला भीती एवढीच होती, की आपण काढली आणि इतरांनी नाही काढली तर आपण अक्का होऊ.

सगळ्यात शेवटी शेठजींकडे गेलो. त्यांचं आग्रा रोडवर कापडाचं दुकान आहे. घराणं जैन, आजोबा राजस्थानातून आले, पण शेठजींची अहिराणी माझ्यापेक्षा चांगली आहे. गल्लीतलं पहिलं घर त्यांचं, म्हणजे पाणी आधी त्यांच्याकडे. त्यांनी मला आत बसवलं, चहा दिला आणि शांतपणे सांगितलं, "सर, या वर्षी घरात वर्षीतप चाललंय. माझी मिसेस वर्षभर एक दिवस उपास, एक दिवस जेवण करतेय. आखाजीला पारणं आहे, उसाच्या रसाचं. जळगावहून, मालेगावहून पाहुणे येणार. त्या दिवसात पाण्याचा धोका मी पत्करू शकत नाही."

कारण खोटं नव्हतं. एवढं मोठं व्रत घरात पुरं होत असताना त्यांनी काळजी करू नये तर कुणी करावी? पण समोर नळ होता आणि नळाच्या तोंडाला पाणी गाळायचं पांढरं फडकं बांधलेलं होतं. माझी जीभ सुटली.

"शेठजी, पाण्यातल्या न दिसणाऱ्या जिवांना धक्का लागू नये म्हणून तुम्ही पाणी गाळता. मला त्याचा आदर आहे. पण त्याच पाइपाच्या दुसऱ्या टोकाला एक दिसणारा जीव राहतो."

शेठजींनी चहाचा कप उचलून आत नेला. बायको नंतर म्हणाली की हे बोलायला नको होतं. मला अजूनही वाटतं की बोलायला हवं होतं, फक्त हळू आवाजात.

त्या आठवड्यात वर्गात न्यायाचा धडा चालू होता. त्यातली एक कल्पना मला तरुणपणापासून आवडते. समजा, समाजाचे नियम ठरवायला आपण सगळे बसलो आहोत, पण प्रत्येकाच्या डोळ्यांवर पडदा आहे. आपण गरीब की श्रीमंत, बाई की पुरुष, धडधाकट की आजारी, हे कुणालाच माहीत नाही. नियम ठरला की पडदा उघडणार आणि जे आपण असू ते निघणार. मग कुणीही असा नियम करणार नाही, की ज्यात सगळ्यात तळाच्या माणसाचे हाल होतील, कारण तो माणूस आपणच निघालो तर? स्कूटरवरून घरी येताना मला वाटलं, हे मी इतकी वर्षं मुलांना सांगतोय, ज्यांच्या नावावर नळही नाही. ज्यांच्या नावावर नळ आहेत त्यांना सांगायला काय हरकत आहे?

मी गल्लीची बैठक बोलावली. शेठजींनीच अंगण दिलं. माझ्या बोलण्याचा राग त्यांनी धरला नव्हता, किंवा धरला असेल तर दाखवला नाही. त्यांचं जेवण सूर्यास्ताआधी होतं, म्हणून दिवेलागणीला सगळे जमले. मी कागदाच्या चिठ्ठ्या केल्या होत्या. एकेका चिठ्ठीवर एकेक घर लिहिलं होतं. पहिलं घर, दुसरं घर, असं शेवटपर्यंत. बेत असा होता, की प्रत्येकानं एक चिठ्ठी घ्यायची, उघडायची नाही, आणि आपण गल्लीतल्या कोणत्याही घरात राहत असू असं समजून पाण्याचा नियम ठरवायचा. नियम ठरला की चिठ्ठ्या उघडायच्या. मोठा सुंदर बेत होता.

चूक एकच झाली. चिठ्ठ्या ठेवायला मी घरातला हाताला लागला तो स्टीलचा डबा घेतला, आणि तो निघाला बायकांच्या भिशीचा. आमच्या गल्लीची भिशी पूर्वीपासून चालते. दर महिन्याला त्याच डब्यातून चिठ्ठी काढतात आणि जिच्या नावाची निघेल तिची भिशी. त्या डब्यातून निघालेल्या चिठ्ठीवर आजवर कुणी वाद घातलेला नाही. नणंदा-भावजया एकमेकींशी बोलत नसतील, पण डब्यासमोर सगळ्या गुमान.

त्यामुळे मी पडद्याविषयी, न्यायाविषयी, तळाच्या माणसाविषयी बोलत होतो आणि सगळ्यांची नजर डब्यावर होती. मी डबा फिरवला. चिठ्ठी उघडू नका, असं म्हणेपर्यंत नानांनी उघडली होती.

"पहिलं घर! निघाली! माझी पहिली निघाली!" नाना उभेच राहिले.

"नाना, तसं नाही. ही फक्त कल्पना..."

पण मागे चिठ्ठ्या फडाफड उघडल्या होत्या. माझं तिसरं, तुझं कितवं, बदलतोस का, असा कल्ला सुरू झाला. सगळ्यांची समजूत अशी झाली, की पाण्याच्या दिवशी ज्याची जी चिठ्ठी त्या घराच्या नळावर त्याचा हक्क. मी घसा फोडून सांगत होतो, की हे समजायचं आहे, करायचं नाही. मी वर्गात इतक्या मोठ्यानं कधी बोललो नसेन.

मग आवाज हळूहळू थांबला, कारण शेठजी चिठ्ठी हातात धरून उभे होते. त्यांनी ती चष्मा लावून पुन्हा वाचली.

"माझं शेवटचं घर आलं," ते म्हणाले.

ओट्याच्या कडेला अक्का बसल्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. हसू होतं की काय होतं, मला दिसलं नाही.

मी घाईघाईनं म्हणालो, "शेठजी, हे नुसतं समजा म्हणून होतं. आता आपण नियम ठरवू."

"नाही सर. डब्यातून चिठ्ठी निघाली म्हणजे निघाली. समजा-बिमजा मला कळत नाही. पाण्याच्या दिवशी मी अक्कांच्या नळावर."

मी पुन्हा समजवायला तोंड उघडलं, तेवढ्यात बायकोनं माझा शर्ट मागून ओढला. "गप्प बसा," ती पुटपुटली. "तुमच्यापेक्षा डबा चांगलं शिकवतोय." माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा तात्त्विक सल्ला मला असा मागून शर्ट ओढून मिळाला, आणि मी तो मानला.

पाण्याचा दिवस आखाजीच्या आदल्या दिवशी आला. सकाळी ऊन चढायच्या आत शेठजी पांढरा सदरा-पायजमा घालून, दोन कळशा आणि गाळायचं फडकं घेऊन अक्कांच्या दारात हजर. अक्कांना इतका संकोच वाटला की त्यांनी नळासमोर पाट मांडला. शेठजी पाटावर बसले. मी त्या दिवशी रजा टाकली होती, हे सांगायला मला लाज वाटत नाही. आमच्या दारातून मला सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं.

तिकडे गल्लीच्या तोंडाशी पाणी आलं. कळलं कसं, तर पहिली मोटार सुरू झाली. पाठोपाठ दुसरी, तिसरी. गल्ली घरघरायला लागली. शेठजींनी नळ सोडला. नळानं मोठा उसासा टाकला आणि गप्प झाला. शेठजींनी तो बंद केला, पुन्हा सोडला. पुन्हा वारा. त्यांनी कळशी थोडी पुढे सरकवली, जणू ती जागेवर नसल्यामुळे पाणी येत नसावं.

"असंच होतं का?" त्यांनी विचारलं.

"रोजनंच शे ते, भाऊ," अक्का म्हणाल्या. "आते थोड्या येळमा वारा बी बंद होई."

शेठजी मान वाकडी करून ऐकत होते. मला वाटलं, नळाचा आवाज ऐकताहेत. पण ते गल्लीकडे कान देत होते. एवढ्या सगळ्या घरघरीत एक आवाज जरा जाड होता, मधूनच खरखरणारा.

"ती आमची आहे," ते हळूच म्हणाले. "बेअरिंग गेलंय तिचं. बदलायचं राहिलं."

जे मी चहा पिताना टोचून बोललो होतो त्यानं त्यांचा कप फक्त आत गेला होता. आणि इथं पाटावर बसून, कोरड्या नळासमोर, त्यांना स्वतःच्या घराचा आवाज ऐकू आला. डोळ्यांवरचा पडदा मी पुस्तकात वाचला होता. तो उघडताना मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

त्यांनी खिशातून फोन काढला आणि मुलाला मोटार बंद करायला सांगितली. पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं झालं. पारणं, पाहुणे असे शब्द असावेत. शेठजी म्हणाले, "माहीत आहे. तरी बंद कर." जाड आवाज थांबला. नळाला फरक पडला नाही. तेव्हा ते उठले आणि पायजमा सावरत एकेका दारात जाऊन उभे राहिले. भाषण केलं नाही. प्रत्येक दारात एकच वाक्य. "मी माझी बंद केली." पहिल्या घरानं बंद केली म्हटल्यावर इतरांना कारणच उरलं नाही, कारण सगळ्यांना धास्ती पहिल्या घराचीच होती. बाकीचे आपापल्या नळावरच होते, फक्त नाना चिठ्ठीप्रमाणे शेठजींच्या नळावर कळशी घेऊन बसले होते. ते तिथून पळत आपल्या घरी आले आणि आपली मोटार बंद करून ओरडले, "माझी पण बंद! सर, लिहून घ्या, मी शेवटचा नाही!" खरं तर शेवटची एक राहिलीच. गल्लीच्या मध्यावर तीन मजली घर आहे, त्याचा मालक दारच उघडेना. नाना त्याच्या दारात जाऊन उभे राहिले आणि कंडक्टरच्या आवाजात म्हणाले, "चला, उतरा खाली!" तो खाली उतरला. का कोण जाणे, एस.टी.तल्या त्या हाकेला माणूस उतरतोच.

गल्ली शांत झाली. इतकी शांत की मला कुणाच्या तरी घरातला कुकर ऐकू आला. आणि मग अक्कांचा नळ खाकरला, थोडं तांबूस पाणी थुंकला, थांबला, आणि करंगळीएवढी धार सुरू झाली. बघता बघता ती अंगठ्याएवढी झाली.

"पानी उनं!" अक्का ओरडल्या. "उनं वं, पानी उनं!"

शेठजींनी पटकन नळाला फडकं बांधलं आणि कळशी खाली धरली. भरली ती पहिली कळशी त्यांनी अक्कांच्या माठात ओतली. फडकं सोडून, उलटं धरून, त्यावर राहिलेले न दिसणारे जीव त्यांनी जपून खंगाळून पुन्हा पाण्यात सोडले, त्यांच्या घरी करतात तसं. मला डोळे पुसावे लागले आणि मी ते उघड पुसले.

त्या दिवशीच नियम ठरला, आणि तो ठरवायला बैठक लागली नाही. अक्कांचं भरून होईपर्यंत कुणी मोटार लावायची नाही. अक्कांनी हाक मारली की मग ज्याला जे ओढायचं ते ओढू दे. यात सगळं सुरळीत चालतं असं मी म्हणणार नाही. अक्का आता घागर आतून-बाहेरून घासून, विसळून, मग सावकाश नळाखाली लावतात, आणि नाना दारात उभे राहून, "अक्का, डबल बेल द्या ना आता!" म्हणून कळवळतात. तीन मजली घरातून अधूनमधून चोरून आवाज येतो. तेव्हा कुणी ना कुणी जाऊन खाली उतरवतं. शेठजींच्या पारण्याला पाणी कमी पडलं नाही. दोन पिंपं कमी होती, ती नानांनी पोचवली. आणि जेव्हा लोक मला विचारतात, एकट्यानं नियम पाळून काय होतं, तेव्हा मी आता पूर्वीसारखा तावातावानं बोलत नाही. एकट्यानं पाळलं तर आपलं घर स्वच्छ राहतं, ते राहायलाच हवं. पण नियम बरोबर आहे की नाही हे शेवटच्या घरात जाऊन बसल्याशिवाय कळत नाही. ही माझी भूमिका. ती मी कुठल्याही सभेत मांडायला तयार आहे, आणि जिन्यावरही.

नळाला पाणी आलं त्याच दिवशी संध्याकाळी अक्कांची लेक आली. सुरतेच्या गाडीतून उतरताना तिच्या हातात नेहमीच्या पिशव्या होत्या आणि एक मोठी रिकामी बॅग होती. ती आईचं सामान न्यायला आणली होती. ती बॅग पाहून बायको घरात आली आणि बराच वेळ उगाच डबे लावत बसली.

आखाजीची सकाळ उजाडली. अक्कांच्या देवापाशी घागर मांडलेली आम्हाला खिडकीतून दिसत होती, वर डांगर, सांजोरी. या वर्षी ती हातपंपाच्या पाण्याची नव्हती. कडुनिंबाला झोका बांधला गेला होता आणि लेक तिच्या पोरांना ढकलून आधी स्वतः बसली होती. उंच झोका घेऊन ती ओरडत होती आणि पोरं खालून भांडत होती.

अक्का आमच्या दारात आल्या.

"बाई, मनं खापर दे वं. मांडा करना शेतस."

बायकोनं खापर आणून दिलं. म्हणाली, "न्या ना. संध्याकाळी मी येऊन घेऊन जाईन."

अक्कांनी खापर छातीशी धरलं आणि झोक्याकडे पाहिलं.

"तठे चोवीस तास पानी शे, बाई. पन मी सुरतले गऊ, ते आखाजीले मनी पोर येई कोठे?"

मग बायकोकडे वळून त्या हसल्या.

"खापर आते परत देसू नही बरं!"